गर्दीच्या पाठीमागचं कोल्हापूर: घरच्यांना घेऊन दोन दिवसांत कसं बघावं

पाहुणे कोल्हापुरात आले की क्रम ठरलेला. अंबाबाईचं दर्शन, न्यू पॅलेस, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, दुसऱ्या दिवशी जोतिबा-पन्हाळा आणि रात्रीची गाडी. वाईट काहीच नाही त्यात. पण दोन दिवस रांगेत आणि पार्किंग शोधण्यात जातात.

माझी बहीण पुण्याहून पहिल्यांदा सगळ्यांना घेऊन आली तेव्हा मीही हाच क्रम लावला, वर हौसेनं दोन ठिकाणं आगाऊ घातली. संध्याकाळी पाचला भाचा रिक्षात झोपलेला, भाची रुसलेली, आणि बहिणीचे सासरे, आप्पा, खासबागेच्या कुस्ती मैदानात बसून म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी बसतो इथे." तासाभरानं परतलो तर आप्पा रंगात आले होते. शेजारी बसलेल्या एका जुन्या पैलवानानं त्यांना धोबीपछाड आणि ढाक या डावांतला फरक हातवारे करून समजावला होता. आमच्याकडे तेवढ्या वेळात काढलेले फोटो होते.

तेव्हापासून घरची मंडळी आली की मी वेगळ्या पद्धतीनं फिरवतो. कोल्हापूरचं न बघितलं जाणारं बरंचसं प्रसिद्ध ठिकाणांच्या हाकेच्या अंतरावरच आहे. वेळ तेवढी दुसरी धरावी लागते, आणि पायी चालावं लागतं.

निघायच्या आधी

मुक्काम देवळाच्या आसपासच्या पेठेत करा. खोली थोडी लहान मिळेल, पण गाडी एकदा लावली की शनिवारभर तिला हात लावायची गरज नाही. महाद्वार रोडला सुट्टीच्या दिवशी गाडी घालणं म्हणजे स्वतःहून डोकेदुखी विकत घेणं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यात चांगले. हवा बरी असते, ऊसतोड सुरू असते आणि शहराबाहेर गुऱ्हाळं पेटलेली असतात. नवरात्रात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेत यायचं तर गर्दी बघायलाच या, बाकी काही बघून होणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी किती चढलंय ते आधी विचारून घ्या.

सामानात नेहमीच्या वस्तूंबरोबर एक टॉर्च, आणि एका पुडीत चार दाणे गव्हाचे, चार तांदळाचे. हसू नका, लागतात.

शनिवार पहाट: देऊळ बाहेरून बघा

सहाच्या आत देवळात पोचा. कपडे अंगभर असू द्यात. रांग कमी असते, दर्शन लवकर होतं. मग बहुतेक जण चपला घालून चहाला पळतात. तुम्ही पळू नका. देवळाला बाहेरून एक सावकाश फेरी मारा, भिंतीच्या अगदी जवळून. काळ्या दगडात वाद्यं वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या, आरशात बघणाऱ्या बाया आहेत. पोरांना काम द्या: कोण काय वाजवतंय ते शोधा. पंधरा मिनिटं आवाज येणार नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच कोल्हापूरकरांनाही ठाऊक नसते. अंबाबाईच्या गाभाऱ्याच्या बरोबर वर, वरच्या मजल्यावर शिवलिंग आहे, मातृलिंग म्हणतात त्याला. वर जायला नेहमी मिळत नाही, पण खाली उभं राहून "देवीच्या डोक्यावर आणखी एक देऊळ आहे" एवढं सांगितलं तरी पोरं शिखराकडे वेगळ्या नजरेनं बघतात. देवी पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणूनच ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. त्या तारखा तुमच्या शनिवार-रविवारला जुळल्या तर हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि किरणोत्सवालाच या. ढग आले तर नशीब.

बाहेर पडताना महाद्वाराऐवजी दक्षिणेचा विद्यापीठ दरवाजा धरा. थोडं पुढं बिनखांबी गणेश मंदिर आहे. नावाप्रमाणे आत एकही खांब नाही. बघायला पाच मिनिटं, पण घरात कुणी बांधकामातलं असेल तर अर्धा तास धरा. तिथून खरी कॉर्नरला एक दगडी स्तंभ आहे आणि त्यावर कॅमेरा. बाबूराव पेंटरांची आठवण. त्यांनी १९१७ मध्ये इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि कॅमेराही स्वतःच खटपट करून तयार केला. व्ही. शांताराम याच कंपनीत शिकले. रोज हजारो गाड्या त्या स्तंभाला वळसा घालून जातात, मान वर करून बघणारा विरळाच.

मिसळ, आणि वीतभर समुद्रदेव

मिसळ कुठली चांगली यावर मी मत देणार नाही, इथं त्यावरून भाऊ-भाऊ बोलायचे थांबतात. एवढंच सांगतो, पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतील, त्यात चूक झालेली नाही. लहानांसाठी कट वेगळ्या वाटीत मागा.

मग भाऊसिंगजी रोडवरचा टाउन हॉल. १८७० च्या दशकात बांधलेली टोकदार छपरांची इमारत, आत संग्रहालय. लोक तोफा बघून बाहेर येतात. तुम्ही पोसायडन शोधा. हा ग्रीकांचा समुद्रदेव, ब्राँझचा, वीतभरसुद्धा उंच नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात सापडला. इथून समुद्र गाठायला अख्खा सह्याद्री उतरावा लागतो. मग दर्यादेव कोल्हापुरात आला कसा? सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा, घाट चढून माल इकडं यायचा, त्या मालाबरोबर. भाचीनं विचारलं, "त्याच्या हातातला त्रिशूळ कुठाय?" तो हरवलाय. कुठं, हे विचारणारी ती पहिली नसावी.

आबालाल रहिमान यांची चित्रंही इथंच आहेत. त्यांनी रंकाळा पुन्हा पुन्हा रंगवला. संध्याकाळी तिकडं जाणारच आहात, तर आधी त्यांच्या नजरेनं बघून घ्या.

संग्रहालयांना साप्ताहिक सुट्टी असते आणि दुरुस्तीची कामंही निघतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. टाउन हॉल बंद निघाला तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कला संग्रहालय गाठा. सिनेमातले चंद्रकांत चित्रकारही होते, हे तिथं गेल्यावरच पटतं. रंगाच्या पुडीनं, ब्रश न लावता काढलेली निसर्गचित्रं आहेत. बहुतेक वेळा तुम्ही आणि तिथला कर्मचारी, दोघंच.

दुपारी झोपा

जेवा आणि झोपा. ही सूचना गांभीर्यानं घ्या.

साडेचारनंतर: खासबाग, रंकाळा, गंगावेस

भवानी मंडपातून खासबाग मैदान चालत पाचेक मिनिटं. शाहू महाराजांनी हे मैदान १९१२ मध्ये बांधून घेतलं, रोमचा आखाडा पाहून आल्यावर. कुस्ती नसली तरी आत बसा. मधे लाल मातीचा हौदा आणि सगळीकडून उतरती बैठक, त्यामुळं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाठ कुणाची लागली ते दिसतं. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांच्याच काळात पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली त्या रात्री रस्त्यावर उभी राहून माणसं रडत होती. बाहेरून बघा, आणि मैदान नि नाट्यगृह एकमेकांना किती चिकटून आहेत ते पोरांना दाखवा. एका राजानं मल्लाला आणि नटाला शेजारी घर दिलं.

मावळतीला रंकाळा. भेळेच्या गाड्यांच्या बाजूला बसू नका, चालत नंदीच्या देवळाकडं जा. इथं गव्हा-तांदळाची पुडी काढायची. गोष्ट अशी: हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा रंकाळ्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. पाण्याला लागला की प्रलय. भाचीनं दोन्ही दाणे फरशीवर शेजारी ठेवले, डोळे बारीक करून बघितलं आणि जाहीर केलं, "मामा, तांदूळ मोठा आहे. नंदी उलटा चाललाय!" पुडीत पुण्याचा बासमती होता. जग वाचलं म्हणून आप्पांनी आइस्क्रीम दिलं. हिशेब बरोबर यायला हवा असेल तर आपल्या आजऱ्याचा घनसाळ घ्या, तो आखूड असतो.

तळ्यात दगडी खांबांचा संध्यामठ आहे. पाणी उतरलं की दिसतो, पावसाळ्यात बराचसा बुडतो. त्यामुळं तो दिसला नाही तर रस्ता चुकलो असं समजू नका.

अंधार पडला की गंगावेशीचा दूधकट्टा. म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या, गवळी समोर धार काढतो आणि फेसासकट पेला हातात देतो. दूध कोमट असतं, म्हशीच्या अंगाचीच ऊब. पेला तोंडाला लावला की आधी नुसता फेस येतो, दूध नंतर. ओठावर पांढरी मिशी आल्याशिवाय पेला खाली ठेवत नाहीत. तालमीतली पोरं दोन-दोन पेले उभ्या उभ्या रिचवतात. आता खरं सांगायचं तर हे दूध कच्चं असतं, उकळलेलं नाही. लहान पोरं, गरोदर बाई, पोटाचा त्रास असलेली मोठी माणसं यांनी बघण्यावर समाधान मानावं. आप्पांनी ऐकलं नाही. त्यांना काही झालं नाही, पण तो नियम धरू नका.

रविवार: एकच दिशा

इथं सगळे चुकतात. पन्हाळा, जोतिबा, कणेरी, नृसिंहवाडी, सगळं एका दिवसात बसवायला जातात. एक दिशा निवडा.

पूर्वेला गेलात तर खिद्रापूर, साठेक किलोमीटर. कृष्णेकाठचं कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या काळातलं. पुढच्या स्वर्गमंडपाला अठ्ठेचाळीस खांब, आणि छताला मधोमध गोल मोकळी जागा आहे. बरोबर त्याच्या खाली तेवढीच गोल शिळा. पोरांना शिळेवर उताणं झोपवून वर बघायला सांगा, दगडाच्या चौकटीत नुसतं आकाश दिसतं. भर दुपारी जा, तेव्हा उन्हाचा गोल आत पडलेला असतो. समोर नंदी मात्र नाही. सती नंदीवर बसून माहेरी गेली, म्हणून तो इथं नाही, कृष्णेपलीकडं यडूरला आहे, असं सांगतात. आत दोन लिंगं आहेत, रागावलेला कोपेश्वर आणि त्याची समजूत घालणारा धोपेश्वर. नवरा-बायकोनं बरोबर बघण्यासारखं आहे. परतताना नृसिंहवाडीला कवठाची बर्फी आणि बासुंदी.

वायव्येला गेलात तर पन्हाळ्याच्या आधी पोहाळ्याची लेणी बघा, जोतिबाच्या वाटेवर. डोंगरात कोरलेला विहार, बाजूला भिक्खूंच्या खोल्या. टॉर्च इथं लागतो. मग पन्हाळ्यावर अंधारबाव आणि अंबरखाना, दोनच ठिकाणं. अंबरखान्यातली धान्याची कोठारं बघताना वर छतातली भोकं दाखवा, धान्य तिथून ओतायचे. बाकी गड पुढच्या खेपेला.

जायच्या आधी चपला

चप्पल घ्यायची तर संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय फुगलेला असतो तेव्हा माप खरं कळतं. थोडी घट्टच घ्या, कातडं सैल पडतं. वाकवून बघा, शिवण चामड्याच्या वादीची आहे की दोऱ्याची ते बघा. नवी चप्पल पहिले चार दिवस चावते. अंगठ्याला आणि पट्ट्याला रात्री खोबरेल तेल चोळून ठेवा, पावसात घालू नका. करकर वाजणारी हवी असेल तर दुकानदाराला तसं सांगावं लागतं. भाच्यानं सांगितलं. पुण्याला तिसऱ्या मजल्यावर राहतात ते, खालच्यांचा फोन आला म्हणे.