जुनी डिझेलची टाकी काढायचीय? भंगारवाल्याला फोन लावायच्या आधी या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतली एखादी फाउंड्री बंद पडली, निपाणीकडची जुनी वखार पाडायला काढली, नाहीतर खानापूरच्या बाजूची डिझेल इंजिनवर चालणारी पिठाची गिरणी मोडीत निघाली की मालकाचा पहिला फोन जातो भंगारवाल्याला. तो येतोय, टाकीवर हातोडी मारून पत्रा किती जाड आहे ते आवाजावरनंच ओळखतोय, किलोचा दर सांगतोय आणि दुसऱ्या दिवशी गॅस कटर घेऊन दोन पोरं हजर. मालक खूश, कारण खर्च काही नाही, उलट हातात पैसे आले. पण टाकी काढताना होणाऱ्या बहुतेक चुका ह्याच व्यवहारातनं जन्माला येतात. टाकी धुवायची कुणी, आत काय आहे ते तपासायचं कुणी, तळातला गाळ टाकायचा कुठं, ह्याचे पैसे कुणीच धरलेले नसतात, मग जी काय बचत व्हायची ती त्या दोन पोरांच्या जिवावर होते. म्हणून क्रमच उलटा करा. आधी साफ करणाऱ्याला पैसे द्या, टाकी धुऊन तपासून काढून घ्या, भंगारवाला सगळ्यात शेवटी.

अमेरिका-इंग्लंडकडं घर गरम ठेवायला ऑईल जाळतात, त्यामुळं तिथं साध्या घराच्या अंगणातसुद्धा टाकी पुरलेली असते. आपलं थंडीचं काम स्वेटरवर भागतंय. आपल्याकडं टाक्या आहेत त्या जनरेटरच्या, फाउंड्री आणि बॉयलरच्या फर्नेस ऑईलच्या (भट्टीत जाळायचं जाड तेल), गिरणीच्या, रॉकेल डेपोच्या, आणि हायवे रुंद करताना मागं पडलेल्या पेट्रोल पंपांच्या. पंपाची टाकी असेल तर हा लेख वाचून स्वतः काही करायला जाऊ नका, ते काम ऑईल कंपनी आणि पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मंजुरीनंच होतं.

"रिकामी हाय की ओ, काय होतंय!"

हे वाक्य ऐकलं की काम तिथंच थांबवा. पेटतं ते द्रव नाही, त्याची वाफ पेटते. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच थोडी असते, रिकाम्या टाकीत सगळी जागा वाफेची. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगी पुरते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळं वरचं झाकण महिनाभर उघडं ठेवलं तरी तळाला बसून राहते.

डिझेलवाले म्हणतात आमचं डिझेल काडी लावली तरी पेटत नाही. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हंजे ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ सुटते तो आकडा, कमीत कमी ३५ अंश धरलाय, आणि एप्रिल-मे मध्ये अथणी-रायबागच्या उन्हात उघड्यावरच्या लोखंडी टाकीचा पत्रा कुठं जातो ते हात लावून बघा. फर्नेस ऑईलवाल्यांचा तर अजून मोठा गैरसमज, कारण त्याचा फ्लॅश पॉइंट ६६ च्या वर. पण कटरची ज्योत हजारो अंशांची असते, ती पत्र्याच्या एका बाजूला लागली की दुसऱ्या बाजूला गंजाच्या पापुद्र्याखाली अडकलेलं ऑईल उकळायला लागतं आणि जी वाफ आधी नव्हती ती कापता कापता तयार होते. म्हंजे सकाळी वाफ मोजायचा गॅस मीटर शून्य दाखवत होता ह्याला दुपारी काही अर्थ राहत नाही. कापणं चालू असताना मीटर परत परत लावावा लागतो.

मग आपले लोक जुगाड करतात. एक म्हंजे सर्फ टाकून धुणे. वरचं तेल जातं, पापुद्र्याखालचं तसंच राहतं, आणि वास मात्र कमी झाल्यामुळं उगीच धीर येतो. दुसरा जुगाड म्हंजे टाकी पाण्यानं काठोकाठ भरून कापायची. ह्यात थोडं तथ्य आहे, पण उरलेलं तेल पाण्यावर तरंगून नेमकं वर येतं, जिथं तुम्ही पहिला काप घेणार तिथंच. शिवाय नंतर ते हजारो लिटर तेलकट पाणी सोडणार कुठं? तिसरा सगळ्यात वाईट, मोटारसायकलचा किंवा ट्रॅक्टरचा सायलेन्सर पाईपनं टाकीत सोडायचा. त्या धुरात ठिणगी असू शकते, कार्बन मोनॉक्साइड तर असतोच. आणि कुणी कार्बन डायऑक्साइडचा फायर सिलिंडर टाकीत मारूया म्हणाला तर त्यालाही थांबवा, त्या फवाऱ्यानं स्टॅटिक, म्हंजे घर्षणाची वीज, तयार होऊन ठिणगी पडू शकते. जाणकार लोक ड्राय आईसचे (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे) तुकडे वापरतात, हजार लिटर मापाला साधारण दोन किलोच्या आत-बाहेर, पण त्यानंतर टाकीत श्वास घेण्यासारखी हवा राहत नाही हे लक्षात ठेवून.

शक्य असेल तर गॅस कटर नकोच. हवेवर चालणारी करवत, पाण्याची धार सोडत, सावकाश. वेळ लागतो, पोरं कंटाळतात, पण मला विचाराल तर जुन्या टाकीला आग दाखवायचीच नाही.

आत उतरणे

ह्यावर थोडं जास्त लिहितोय कारण माणसांचे जीव इथं जातात. बंद लोखंडी टाकीत तेलाचा थेंब नसला तरी गंज चढताना तो हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. बाहेर २०.९ टक्के असतो, आत उतरायला निदान १९.५ हवा. कमी ऑक्सिजन कळत नाही, गुदमरल्यासारखं होत नाही, माणूस बोलता बोलता खाली बसतो. शिवाय फर्नेस ऑईलच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, कुजक्या अंड्याचा वास, आणि प्रमाण वाढलं की हा वास येणंच बंद होतं, म्हंजे "आता वास गेला" हे चांगलं लक्षण समजून माणूस पुढं जातो. वर उभा असलेला भाऊ नाहीतर मुकादम त्याला पडलेला बघून तसाच उडी मारतो आणि एकाचे दोन होतात. वरच्या माणसानं आत जायचं नाही, दोर ओढायचा आणि अग्निशमनला फोन करायचा, १०१ किंवा ११२. त्यासाठी आत जाणाऱ्याच्या अंगाला हार्नेस आणि वर ट्रायपॉड आधीपासनंच पाहिजे, कमरेला नायलॉनची दोरी बांधून अर्ध्या गुंगीतला माणूस अठरा इंची मॅनहोलमधनं वर येत नाही.

कारखान्यात असाल तर हे नुसतं शहाणपण नाही, कायदा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत चालू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणं जाणकार माणसानं तपासून लेखी दिल्याशिवाय, नाहीतर श्वसनयंत्र आणि दोर असल्याशिवाय, कुणाला टाकीत उतरवता येत नव्हतं, आणि आत न्यायचा हातदिवा २४ व्होल्टच्या वर चालत नव्हता. आपल्याकडं २३० चा हॅलोजन काळ्या टेपनं जोडून सोडतात. खरं तर बहुतेक लहान टाक्यांत उतरायची गरजच नसते, वरनं मोठं तोंड करून लांब दांड्याच्या लाकडी किंवा पितळी खरवड्यानं गाळ ओढता येतो.

मीटर वेडंवाकडं दाखवतोय

गॅस मीटर भाड्यानं आणला की पहिला त्रास हाच. मोजायचा क्रम ठरलेला आहे, आधी ऑक्सिजन, मग पेटणारी वाफ, मग विषारी वायू. साध्या मीटरमधल्या वाफेच्या सेन्सरलाच चालायला ऑक्सिजन लागतो, त्यामुळं ड्राय आईस टाकलेल्या टाकीत तो शून्य दाखवणार आणि तुम्ही म्हणणार चला, साफ झाली. वर, मध्ये आणि तळाला, तिन्ही ठिकाणी नळी सोडून बघा. वाफ पेटायच्या खालच्या मर्यादेच्या दहा टक्क्यांच्या वर आकडा असेल तर थांबा. ब्लोअर लावल्यावर आकडा उतरतो आणि बंद केल्यावर अर्ध्या तासात परत चढतो, असं झालं तर हवा कमी पडत नाहीये, तळात गाळ राहिलाय. चोवीस तास ब्लोअर लावून हे सुटत नाही, गाळच काढावा लागतो. ब्लोअर फ्लेमप्रूफ (ज्याची ठिणगी बाहेरची वाफ पेटवत नाही असा) किंवा हवेवर चालणारा पाहिजे आणि बाहेर पडणारी वाफ माणसाच्या डोक्याच्या बरीच वर सोडा. गल्लीत तोंड करून सोडली तर शेजारच्यांच्या चुलीपर्यंत जाते.

गाळ नाल्यात

हे आपल्याकडं सर्रास चालतंय. मैला उपसायचा टँकर बोलवायचा, तळातला गाळ ओढायचा आणि रात्री नाल्यात. एक तर त्या टँकरचा पंप ह्या कामाचा नाही, इंजिन चालू, अर्थिंग नाही, पाईपात स्टॅटिक. दुसरं म्हंजे बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहापूर-वडगावच्या शिवारातलं भात पाण्याखाली जातं हे बेळगावकरांना सांगायला नको, त्यात तुमचं ऑईल मिसळलं की ते कुणाच्या वाफ्यात जाऊन बसणार? टाकी साफ करताना निघालेला तेलकट गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत नाव घेऊन दिलेला आहे. तो प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्या गाडीनं, फॉर्म १० चा मॅनिफेस्ट (कचरा कुठनं कुठं गेला त्याचा कागद) करून, परवानगी असलेल्या ठिकाणीच जायला पाहिजे.

सीमाभागात अजून एक गोची. महाराष्ट्रातली शिनोळी जवळच, कागल-कोल्हापूरही काही लांब नाही, त्यामुळं "तिकडं एकजण घेतोय की" म्हणून ड्रम टेम्पोत टाकून पाठवतात. गाळ राज्याची हद्द ओलांडून विल्हेवाटीला जाणार असेल तर कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडच्या प्रदूषण मंडळांचं ना हरकत पत्र लागतं, रिसायकलला जाणार असेल तर दोघांनाही कळवावं लागतं. चेकनाक्यावर ड्रम पकडले तर ड्रायव्हर तुमचंच नाव सांगणार.

खणताना

पावसाळ्यात पुरलेली टाकी रिकामी करून ठेवू नका. जुलैत आपल्या पश्चिम भागात जमिनीतलं पाणी भसाभस वर येतं आणि दहा हजार लिटरच्या टाकीला पाणी जवळजवळ दहा टनांनी वर ढकलतं, टाकीचं स्वतःचं वजन टनाच्या आसपास. ती वरचं काँक्रीट फोडून वर येते, पाईप तुटतात आणि राहिलेलं डिझेल जमिनीत. डिसेंबर ते मे मध्ये काम उरका.

माती बघा. बेळगाव-खानापूरकडं जांभा, खड्ड्याची भिंत बऱ्यापैकी उभी राहते. चिकोडी-अथणीकडं काळी माती, सकाळी टणक दिसणारी कड दुपारी भेगाळून एकदम आत येते. पाच फुटांच्या खाली गेलात की फळ्यांचा आधार द्या नाहीतर कड उताराची करा. टाकी जेसीबीनं ओढूनही हलत नसेल तर जोर वाढवू नका, काळ्या मातीत ती खालनं चिकटलेली असते, बाजूनं मोकळं करा म्हंजे हवा शिरते. बकेटच्या दातानं टाकी उचलणं म्हंजे भोक पाडायचंच काम, बेल्ट आणि क्रेन घ्या.

टाकी भिंतीखाली किंवा कॉलमला लागून असेल तर काढायचा हट्ट नको. आत पूर्ण साफ करून, तपासून, पातळ काँक्रीटनं भरून टाका. वाळूनं भरतात बरेचजण, पण वाळू वरच्या कोपऱ्यात पोचत नाही. भरताना व्हेंट पाईप (आतली हवा बाहेर जायचा) उघडा राहू दे, आणि काम झाल्यावर भरायचा पाईपही काढून टाका. टाकी गेली आणि तोंड तसंच राहिलं तर काही वर्षांनी नवीन वॉचमन टँकरवाल्याला तेच तोंड दाखवतो, बाहेरच्या देशात असं होऊन घराच्या तळघरात ऑईल ओतलं गेल्याचे प्रकार झालेत.

विहिरीला वास येतोय

बेळगावच्या जुन्या भागात घरोघरी विहीर. टिळकवाडीची काँग्रेस विहीर तर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली. इथं टाकी गळली की पहिल्यांदा कळतं ते विहिरीवरच. टाकी काढल्यावर खड्ड्यातली माती करडी-काळपट दिसली, पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसला तर खड्डा लगेच बुजवू नका. माती ताडपत्रीवर वेगळी काढा, वीटभट्टीला देऊ नका, मंडळाला कळवा. विहिरीचं पाणी उकळून वापरूया म्हणतात ते चूक, उकळल्यानं डिझेल जात नाही. आणि टाकी चांगली निघाली म्हणून सुटलो समजू नका, गळती बऱ्याचदा जनरेटरपर्यंतच्या पाईपच्या जॉइंटात असते, तो पाईपही उकरून काढा.

कागद

डिझेल एका जागी २५०० लिटरपर्यंत आणि एकेक भांडं १००० लिटरच्या आत असेल तर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणं लायसन लागत नाही. म्हंजे तुमची पाच हजारी पुरलेली टाकी असेल तर कधीतरी लायसन असणार, आजोबांच्या नावावर का असेना. जुनी फाईल शोधा आणि पेसोला कळवून रीतसर बंद करा.

शेवटी भंगारवाला. त्याला अख्खी टाकी देऊ नका, दोन्ही तोंडं कापून द्या, नाहीतर ती कुठल्यातरी गुऱ्हाळावर नाहीतर गोठ्यावर पाण्याची टाकी म्हणून उभी राहते आणि जनावरं तेच पाणी पितात. तोंडं कापल्याचा फोटो आणि वजनाची पावती फाईलला लावून ठेवा.