टोमॅटोला मर लागली? कुंडीतल्या मातीचं काय करायचं

गॅलरीतलं हिरवंगार टोमॅटोचं रोप दुपारी मान टाकतं, रात्री सावरतं आणि दोन-चार दिवसांत कायमचं कोलमडतं. पानं पिवळी नसतात, माती ओली असते. अशा वेळी आणखी पाणी घालू नका. आधी रोग ओळखा.

जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक जेमतेम बुडेल असा तो स्थिर धरा. काही मिनिटांत टोकातून दुधाळ पांढरी तार खाली उतरू लागली, तर ही जिवाणूजन्य मर. ती तार म्हणजे राल्स्टोनिया सोलॅनसिअरम या जिवाणूचा लोंढा. मुळांच्या बारीक जखमांतून शिरून तो पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवतो. ग्लासातलं पाणी उकळूनच टाका.

आता रोप नुसतं उपटून भागत नाही. तुटलेली मुळं मातीत राहतात आणि जिवाणू त्यांच्यात तग धरतो. वर काहीही न दिसणाऱ्या तणांच्या मुळांतही तो राहतो. म्हणून कुंडी जुन्या चादरीवर उलटी करा, माती हाताने फोडा आणि मुळाचा प्रत्येक धागा वेचा. कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. रोप, मुळं बंद पिशवीत घालून कचऱ्यात द्या. कंपोस्टमध्ये किंवा सोसायटीच्या बागेत अजिबात नको. कात्री, खुरपं स्पिरिटने पुसा.

माती तापवायची तर एप्रिल-मे गाठा. ती ओलसर करून गच्चीवर पातळ पसरा, पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाका, कडा दाबा आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवा. जिवाणू पुरता संपेलच असं नाही, संख्या मात्र बरीच घटते. ऊन मिळत नसेल तर त्या मातीत मका किंवा कांद्याची पात घ्या. वांगं, मिरची, बटाटा मात्र नकोच. तेही याच रोगाचे बळी.

पुन्हा टोमॅटो लावताना बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा मर सोसणारा संकरित वाण शोधा. पावसाळ्यात कुंड्या विटांवर ठेवा आणि प्रत्येकीखाली वेगळी ताटली ठेवा. एकीतून झिरपलेलं पाणी दुसरीत गेलं, की रोगही तिकडे जातो.