टेराहर्ट्झ लहरींवर चुंबकाचा ताबा: या चुका टाळा

इंडियम अँटिमोनाइडच्या चकतीवर चुंबकीय क्षेत्र लावून टेराहर्ट्झ लहरी (सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्या मधल्या विद्युतचुंबकीय लहरी) वळवता किंवा अडवता येतात, कारण या अर्धवाहकात इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान (स्फटिकात तो जितका जड भासतो ते) मुक्त इलेक्ट्रॉनच्या जेमतेम ०.०१४ पट असते आणि त्यामुळे १ टेस्लाला त्याची सायक्लोट्रॉन वारंवारता (क्षेत्राभोवती तो दर सेकंदाला जितक्या फेऱ्या मारतो ती) सुमारे २ टेराहर्ट्झ होते. प्रयोग फसला की संशय चुंबकावर जातो; माझ्या मते तो आधी तापमानावर जायला हवा.

खोलीच्या तापमानाला शुद्ध चकतीत दर घन सेंटीमीटरला सुमारे दोन कोटी अब्ज इलेक्ट्रॉन असतात. ऊर्जापट्ट्यांतील अंतर केवळ ०.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने तापमान १० अंशांनी बदलले, तरी ही घनता साधारण पाचव्या हिश्शाने आणि प्लाझ्मा वारंवारता (जिच्याखालच्या लहरी इलेक्ट्रॉन परतवून लावतात ती) दहाव्या हिश्शाने सरकते. सकाळी जुळवलेली मांडणी दुपारी बिघडते ती यामुळेच. म्हणून तापमापक भिंतीवर नव्हे, तर चकतीच्या धारकावर, चकतीला लागून बसवावा. द्रव नायट्रोजनने थंड केल्यावर घनता अशुद्धींवर ठरते. तेव्हा पुस्तकातील आकडा न घेता त्याच तुकड्यावर हॉल मापन (चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाच्या आडवा निर्माण होणारा विद्युतदाब मोजून घनता काढणे) करावे.

दुसरी चूक पदार्थाच्या निवडीची. चलनशीलता (इलेक्ट्रॉन पदार्थात किती सहज सरकतो याचे माप) आणि क्षेत्र यांचा गुणाकार १ च्या बराच वर नसेल, तर इलेक्ट्रॉन फेरी पूर्ण होण्याआधीच आदळतो. १ टेस्लाला हा गुणाकार इंडियम अँटिमोनाइडमध्ये सातच्या वर जातो, पण सिलिकॉनमध्ये ०.१४ च्या आसपासच राहतो.

सर्वांत फसवी चूक मात्र प्रतिध्वनींची आहे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या, सुमारे ४ अपवर्तनांकाच्या चकतीत लहर दोन पृष्ठभागांमध्ये मागेपुढे परावर्तित होते आणि वर्णपटात जवळजवळ ७५ गिगाहर्ट्झ अंतराने खाचा उमटतात, ज्यांना सायक्लोट्रॉन अनुनाद (लहरीची वारंवारता इलेक्ट्रॉनच्या फेऱ्यांशी जुळल्याने होणारे शोषण) समजले जाते. क्षेत्र ०.१ टेस्लाने वाढवून पाहावे: सायक्लोट्रॉन अनुनाद ०.२ टेराहर्ट्झने सरकायलाच हवा, तर खाचांमधील अंतर मुख्यतः जाडीनेच ठरलेले राहते.

ध्रुवणाचे, म्हणजे लहरीचे विद्युत क्षेत्र कोणत्या दिशेने डोलते याचे, भानही ठेवावे. क्षेत्राच्या दिशेने जाणाऱ्या लहरीत फक्त एकाच बाजूला फिरणारे वर्तुळाकार ध्रुवण इलेक्ट्रॉनशी जुळते, त्यामुळे रेषीय ध्रुवित किरण वापरल्यास अनुनादावरही निम्मी शक्ती शोषली न जाता पुढे सरकते. उलट लहर क्षेत्राला काटकोनात आणि तिचे विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्राला समांतर असेल, तर चुंबक कितीही वाढवला तरी काहीच बदलत नाही. अशा वेळी पोलरायझर (एकाच दिशेचे ध्रुवण पुढे जाऊ देणारी चाळणी) ९० अंशांनी फिरवून पाहावा.