लेदर सीटचा कुबट वास कसा घालवावा

लेदर सीटला येणारा वास बहुतेक वेळा लेदरचा नसतोच. शिवणीत साचलेला घाम, बारीक भोकांतून फोममध्ये झिरपलेलं दूध, नाहीतर मॅटखाली ओलं राहिलेलं कार्पेट, यांपैकी काहीतरी असतं. म्हणून आधी नाकाने तपास करा. गाडी तासभर काचा लावून उभी ठेवा, मग दार उघडून सीट, पाठ, हेडरेस्ट, कार्पेट असं एकेक हुंगा. मॅट उचलून कार्पेटवर टिश्यू पेपर दाबा. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे पायाशी ओल लागली तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असू शकते. एसी लावताच पहिल्या मिनिटात भपकारा आला तर दोष फिल्टरचा किंवा कूलिंग कॉइलचा. अशा वेळी सीट घासून काही होणार नाही.

दुसरा प्रश्न: सीट खरोखर लेदरची आहे का? आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत लेदरेट, म्हणजे कापडावर चढवलेलं पीव्हीसी किंवा पीयू प्लास्टिक असतं. सीटखाली हात घालून कापलेली कड पाहा. मागची बाजू केसाळ, तंतुमय असेल तर लेदर; विणलेलं कापड दिसलं तर लेदरेट. धुण्याची रीत दोन्हींना तीच, पण लेदरेटला कंडिशनर, म्हणजे लेदर मऊ ठेवणारं क्रीम, लागत नाही.

१. व्हॅक्यूमने बैठक आणि पाठ यांमधली फट साफ करा. बिस्किटाचा चुरा, वेफर्स, सगळं तिथेच दडलेलं असतं.

२. लेदर क्लीनर घ्या. नसेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा सौम्य बेबी शाम्पू. आधी सीटच्या मागे, दिसणार नाही अशा जागी लावून पाहा. कपड्याला सीटचा रंग लागला तर थांबा.

३. द्रव सीटवर फवारू नका. मऊ ब्रशवर फेस घेऊन हातभर जागा गोल-गोल घासा आणि लगेच पुसा. चढता-उतरताना जिथे मांडी घासते, त्या ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या कडेवर पांढरा कपडा फिरवलात तर तो चहाच्या रंगाचा होतो. तो स्वच्छ निघेपर्यंत तिथेच राहा. शिवणीसाठी जुना मऊ टूथब्रश. भोकांच्या सीटवर कपडा घट्ट पिळूनच वापरा. पाणी फोममध्ये गेलं की नवाच वास सुरू होतो.

४. साध्या पाण्यात पिळलेल्या कपड्याने साबण काढा, कोरड्याने टिपा.

५. सावलीत चारही दारं उघडी ठेवून किमान दोन तास वाळवा. पावसाळ्यात घरातला टेबल फॅन लावा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, लेदर आक्रसतं.

६. पूर्ण वाळल्यावरच कंडिशनर. रुपयाच्या नाण्याएवढा थेंब कपड्यावर घेऊन बैठकीला पातळ लावा, पाठीला तेवढाच दुसरा. वीस मिनिटांनी कोरड्या कपड्याने पुसा. जास्त लावलं तर सीट चिकट होते, धूळ धरते. तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे.

पांढरी बुरशी दिसली तर मास्क लावून, गाडी मोकळ्या हवेत नेऊन आधी कोरड्या कपड्याने टिपा. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी यांत पिळलेला कपडा फिरवा, पुन्हा साध्या पाण्याचा. व्हिनेगरचा वास वाळल्यावर जातो.

खायचा सोडा मात्र सीटवर नको. लेदर किंचित आम्लधर्मी असतं आणि सोडा अल्कधर्मी. शिवाय पूड भोकांत अडकते. तो कोरड्या कार्पेटवर रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्यूमने ओढा. खोबरेल तेलाचा मोह तर हमखास होतो. पहिले दोन दिवस सीट झकास दिसते, मग पँटला डाग आणि उन्हात खवट वास! स्पिरिट आणि सॅनिटायझरने वरचा रंग निघतो.

दूध किंवा माशाचं पाणी फोममध्ये मुरलं असेल तर वरून कितीही पुसा, ऊन तापलं की वास परततो. तिथे एन्झाइम क्लीनर, म्हणजे वास देणारी घाण मोडून टाकणारा द्रव, फोमपर्यंत पोचवायला कव्हर काढावं लागतं. ते गॅरेजकडेच द्या: सीटखालची पिवळी वायर एअरबॅगची असते, तिला हात लावायचा नाही.