लॉकला दोष देण्यापूर्वी: जुन्या ट्रकच्या दरवाजात होणाऱ्या या चुका टाळा

ऊसतोडीचा हंगाम संपतो, टोळ्या घेऊन गेलेल्या गाड्या पश्चिम महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून परततात आणि चैत्र लागला की बीड जिल्ह्यातील आमच्या गॅरेजापुढे ट्रकांची रांग लागते. इंजिन, क्लच आणि पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) यांची कामे मालक स्वतःहून सांगतो. दरवाजाचे काम मात्र सगळ्यांत शेवटी, तेही ‘जाता जाता बघून टाका’ अशा सुरात निघते. तोपर्यंत तो दरवाजा पाच-सहा महिने नाड्याने बांधून चालवलेला असतो. गेली बावीस वर्षे मी ही कामे करतो आहे आणि मला खरा कंटाळा आला आहे तो बिघाडावर आधी कोणीतरी करून ठेवलेल्या दुरुस्तीचा. लॉक खराब म्हणून आलेल्या निम्म्याहून अधिक दरवाजांत लॉक धडधाकट असते.

लॉकच्या पेटीत एक चक्री असते आणि तिच्यामागे तिला अडवून धरणारा खटका असतो. दरवाजा लावताना चौकटीच्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे चक्री जिला धरते ती लोखंडी खुंटी, चक्रीला फिरवतो आणि खटका तिच्या पहिल्या खाचेत पडतो. हे अर्धे लॉक. आणखी दाबले की तो दुसऱ्या खाचेत पडतो आणि दरवाजा पुरता बसतो. हँडल बाहेरचे असो वा आतले, त्याचे काम रॉड ओढून हा खटका उचलणे एवढेच आहे. एवढे ज्याच्या डोक्यात पक्के आहे, त्याला दरवाजावर हातोडा चालवण्याची वेळ सहसा येत नाही.

दरवाजा लोंबलेला असताना लॉक बदलणे

सर्वांत महागडी चूक हीच आहे. ट्रकची केबिन उंच असते, त्यामुळे चालक चढताना आणि उतरताना दरवाजालाच लटकतो. दिवसातून वीस वेळा असे झाले की काही वर्षांत बिजागरीची पिन आणि बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) झिजतात, दरवाजा मोकळ्या कडेला खाली उतरतो आणि लॉक स्ट्रायकरवर सरळ न जाता त्याच्या खालच्या अंगावर आपटते. मग ‘लॉक धरत नाही’ अशी तक्रार येते, नवे लॉक बसते, नवेपणामुळे ते महिनाभर धरते आणि पुन्हा तेच सुरू होते.

एका मालकाने याच कारणासाठी एका वर्षात तीन लॉक बदलून घेतले होते. तिसऱ्या वेळी तर बाहेरच्या कारागिराने स्ट्रायकरच जागेवर वेल्डिंग करून टाकला होता, म्हणजे पुढे कोणाला तो हलवायचा झाला तरी हलवता येऊ नये. ती गाडी मांजरसुंबा घाट उतरत असताना एका वळणावर क्लीनरच्या बाजूचा दरवाजा उघडला. दरवाजा अर्ध्या लॉकवरच होता आणि त्याला टेकून बसलेला मुलगा केवळ समोरच्या दांड्याला हात होता म्हणून वाचला. गाडी माझ्याकडे आल्यावर मी दरवाजा अर्धा उघडला, मोकळ्या कडेला खालून हात घातला आणि वर उचलून पाहिला, तर तो बोटाच्या पेराएवढा वर गेला. मालक शेजारीच उभे होते. “मामा, तीन लॉकांचे पैसे या पिनेत गेले,” असे म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

उचलून पाहण्याची ही परीक्षा फुकट आहे आणि तिला अर्धा मिनिट लागतो, तरी नवशिके ती करत नाहीत, कारण नवे लॉक खोक्यातून काढण्याची त्यांना घाई असते. दरवाजा दोन-तीन मिलिमीटरहून जास्त उचलला जात असेल, तर लॉकला हात लावू नये. जॅकवर फळी ठेवून दरवाजाला आधार द्यावा, आधी वरच्या बिजागरीची पिन आणि बुश बदलावे आणि ते पक्के झाल्यावरच खालच्या बिजागरीकडे वळावे. दोन्ही पिना एकदम काढल्या, तर दरवाजा परत त्याच जागी येतो या भरवशावर मी तरी राहणार नाही. बिजागरीच्या फटीत लाकडाचा ठोकळा घालून दरवाजा दाबून ‘सरळ’ करण्याची एक पद्धत आमच्याकडे फार बोकाळली आहे. तिने बिजागरीजवळचा पत्रा फाटतो आणि दोन हजारांचे काम दहा हजारांवर जाते.

बिजागरी घट्ट झाल्यावर स्ट्रायकरची पाळी येते. त्याचे बोल्ट ढिले करण्यापूर्वी भोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवावी, म्हणजे काही चुकले तरी मूळ जागा सापडते. बोल्ट इतकेच ढिले करावेत की स्ट्रायकर हलक्या ठोक्याने सरकेल, पण आपल्या वजनाने घसरणार नाही. मी स्ट्रायकरवर ओला खडू फासतो, दरवाजा हलकेच टेकवतो आणि खडू कुठे पुसला गेला ते पाहतो. खालच्या अंगाला पुसला असेल, तर स्ट्रायकर किंचित खाली घ्यायचा. मधोमध पुसला, तर बोल्ट आवळायचे.

जुन्या गाड्यांत यात आणखी एक भानगड असते. पूर्वी कितीतरी ट्रक चासी (खालचा सांगाडा) आणि काउल (केबिनचा फक्त पुढचा भाग) एवढेच कंपनीतून येत आणि केबिन बॉडीबिल्डर लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बांधत. अशा केबिनचे दोन दरवाजेही एकमेकांशी जुळत नाहीत. आषाढात लाकूड फुगते आणि वैशाखात सुकून आकसते, म्हणून पावसाळ्यात अगदी मापात बसवलेला स्ट्रायकर उन्हाळ्यात खडखडू लागतो. तेथे मी एक पातळ पत्र्याची चकती जास्तीची देऊन ठेवतो आणि मालकाला ती कधी घालायची हे सांगून ठेवतो. बाजारातले तयार लॉक अशा दरवाजाला घेताना जुने लॉक सोबत न्यावे. तोंडी वर्णनावर आणलेले लॉक परत करायला जावेच लागते. डाव्या आणि उजव्या दरवाजाची लॉक वेगळी असतात, हेही दुकानातच पाहून घ्यावे.

तपासण्याआधी दरवाजा लावणे

ही चूक माझ्या स्वतःच्या गॅरेजात झाली, म्हणून ती सविस्तर सांगतो. तीन वर्षांपूर्वीच्या कार्तिकातील गोष्ट आहे. टोळी दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता निघणार होती आणि मुकादमाचा दर अर्ध्या तासाने फोन येत होता. हाताखाली नव्यानेच आलेल्या मुलाला मी चालकाच्या बाजूचे लॉक बदलायला सांगितले आणि स्वतः दुसऱ्या गाडीखाली शिरलो. मुलगा हाताने चपळ होता आणि त्याला त्या चपळाईचा अभिमानही होता. काही वेळाने दरवाजा खाडकन लागल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, “वस्ताद, दार बसलं बघा एकदम!” त्यानंतर मिनिटभर शांतता. मग हळूच, “वस्ताद, जरा या की.”

नव्या लॉकचा लिव्हर जुन्यापेक्षा थोडा खाली होता, त्यामुळे बाहेरच्या हँडलचा रॉड त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. आतल्या रॉडची प्लॅस्टिकची क्लिप त्याने अडकवली होती, पण फिरवून बंद केली नव्हती, म्हणून दरवाजा आपटताच तो रॉड सुटून तळाला जाऊन पडला होता. काच वर होती. लॉकचे तिन्ही स्क्रू दरवाजाच्या कडेला असतात आणि दरवाजा लागलेला असताना ती कड खांबाच्या आत दडते, तेव्हा लॉक बाहेरून सोडवण्याचा प्रश्नच नव्हता. राहता राहिला पॅड, म्हणजे दरवाजाचे आतल्या बाजूचे आवरण. त्याच्या जुन्या क्लिपा तुटल्या होत्या, म्हणून आमच्या या शहाण्याने पॅड पॉप रिबिट मारून कायमचा बसवला होता.

मी क्लीनरच्या दरवाजाने आत शिरलो. सीट काढल्याशिवाय पॅडच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत ड्रिल जात नव्हते आणि सीटच्या चार बोल्टांपैकी एक गंजून एकजीव झालेला होता, तो कापावा लागला. मग बॅटरी दाताखाली धरून एकेक रिबिट ड्रिलने उडवला. पॅड निघाल्यावर पत्र्यातील भोकातून कोपरापर्यंत हात घातला, डोळ्यांनी काहीच दिसत नव्हते, बोटांनी चाचपत लॉकचा लिव्हर शोधला आणि पान्याच्या टोकाने तो दाबला. रात्री एक वाजून गेल्यावर दरवाजा उघडला. भोकाच्या कडेने मनगटाच्या वर चार बोटे लांबीची जखम झाली, तिचा वण अजून आहे. टोळी साडेसहाला निघाली आणि मुकादम मला ते अजूनही ऐकवतो. ज्या क्लिपेमुळे हे सगळे घडले, ती दहा रुपयांची आहे.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे आणि ती मोडणाऱ्याला मी दिवसभर पाटे धुवायला लावतो. दरवाजा सताड उघडा ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने चक्री दाबायची. ‘टक्-टक्’ असे दोन आवाज स्पष्ट आले पाहिजेत. मग बाहेरच्या हँडलने ती सोडवायची. पुन्हा दाबायची आणि आतल्या हँडलने सोडवायची. तिसऱ्यांदा चावी फिरवून लॉक करायचे आणि बाहेरचे हँडल ओढून काहीच होत नाही ना, हे पाहायचे. हे सगळे दहा वेळा करायचे आणि त्यानंतरच, काच पूर्ण खाली घेऊन, पॅड न लावता दरवाजा पहिल्यांदा लावायचा. पॅड सर्वांत शेवटी लावायचा आणि तो क्लिपा किंवा स्क्रू यांनीच; रिबिट कधीही नाही. रॉडच्या क्लिपेऐवजी बाइंडिंगची तार गुंडाळणाऱ्यांनाही हेच लागू आहे: तार ढिली पडते, खडखडते आणि नेमकी घाटात सुटते.

चावीच्या भोकात तेल सोडणे

चावी अडली की चालक डिपस्टिक, म्हणजे इंजिनातले तेल मोजायची पट्टी, काढतो आणि तिचे दोन थेंब भोकात सोडतो. आठवडाभर चावी लोण्यासारखी फिरते. आपल्याकडे काळ्या मातीचा फुफाटा असतो आणि जिनिंगच्या फेऱ्या असतील तर त्यात कापसाचे तंतू मिसळतात. तेल हे सगळे ओढून घेते आणि आतल्या पितळी पत्त्यांमध्ये त्याचा राडा होतो. मग चावी अडते, पक्कड लावून ती पिळली जाते आणि मोडते. असे बॅरल, म्हणजे चावी ज्यात फिरते ते नळकांडे, काढून रॉकेलमध्ये रात्रभर ठेवावे, हवा मारून पूर्ण कोरडे करावे आणि त्यात ग्रॅफाइटची पूड घालावी. पूड मिळाली नाही, तर मऊ शिशाची पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना घासून ती पाच-सात वेळा आत-बाहेर करावी. मी तर बहुतेक वेळा हेच करतो. ग्रॅफाइटवर पुन्हा तेल सोडू नये, त्याचा लगदा होतो. लॉकच्या पेटीतील चक्रीला आणि खटक्याला मात्र ग्रीस लागते, पण तेही बोटाला पुसटसे लागेल इतकेच.

झिजलेल्या चावीवरून नकला काढू नयेत. झीजही नकलेत उतरते. घरी खुंटीला लटकलेली, कधी न वापरलेली चावी असेल, तर ती घेऊन यावे.

आतल्या भागांविषयी थोडे

काचेचे हँडल निघत नाही म्हणून त्याला स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये. त्याच्या मागे पिन किंवा घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. एक सुती फडके हँडल आणि पॅड यांच्यामध्ये घालून दोन्ही हातांनी मागेपुढे ओढले, तर क्लिप फडक्यात अडकून बाहेर येते. ती उडून जाऊ नये म्हणून खाली चादर अंथरावी.

काच उचलणारे मशीन सोडवण्यापूर्वी काच वर घेऊन दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने चौकटीला बांधून ठेवावी. काचेच्या रबरी खाचेत ग्रीस भरू नये; ग्रीसने रबर फुगते आणि धूळ धरते. तेथे सिलिकॉनचा स्प्रे मारावा, नसेल तर कोरडा साबण घासला तरी काच सरकते.

पॅडला मूळ मापापेक्षा लांब स्क्रू लावू नयेत. स्क्रूचे टोक आत काचेच्या वाटेत येते आणि पहिल्यांदा काच खाली घेतली की ती चरते किंवा तडकते.

पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद असतो. तो फाडून फेकणाऱ्याला वाटते की तो गाडी नवी असतानाचा आवरणाचा कागद आहे. काचेवरून आत उतरलेले पाणी पॅडपर्यंत येऊ नये म्हणून तो असतो. नसला, तर जाड प्लॅस्टिकची पिशवी कापून चिकटवावी. तेच पाणी दरवाजाच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडते, म्हणून ती भोके पुटीने बुजवणाऱ्या डेंटरशी माझे दरवर्षी भांडण होते. एक खिळा घेऊन ती मोकळी करावीत. त्यातून निघणारा चिखल पाहिला, तर तळाचा पत्रा का सडतो, हे कोणालाही विचारावे लागणार नाही.

शेवटी कडी-कोयंडा. लॉक धरत नाही म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून घराच्या दाराची कडी आणून ती केबिनच्या आतून ठोकलेल्या गाड्या मी दरवर्षी पाहतो. गाडी कलंडली आणि दरवाजा पिचला, तर ती कडी आतून सरकत नाही आणि बाहेरून मदतीला आलेल्या माणसाला ती दिसतही नाही. असा दरवाजा आला की मी आधी कडी उतरवतो आणि तिची भोके बुजवतो. मालकाला ती हवीच असेल, तर कागदात गुंडाळून त्यांच्या हातात देतो. बसवून देत नाही.