मोठी मूळ संख्या तपासताना या चुका टाळा

दहावी-अकरावीची पोरं वही घेऊन येतात आणि सांगतात, ‘सर, ही मूळ संख्या निघाली.’ घोटाळा बहुतेक वेळा ठरलेल्या जागीच असतो.

सगळ्यात जास्त पोरं 2047 वर घसरतात. 2 चा दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा घात घेऊन 1 वजा केला की 3, 7, 31, 127 येतात. सगळ्या मूळ. मग ठरवून टाकतात की घातांक मूळ असला की उत्तरही मूळच. लातूरला एका विज्ञान प्रदर्शनात औशाकडच्या एका मुलाचा तक्ता बघितला. अक्षर सुरेख, आणि अकराव्या घातापुढे लाल शाईत ‘2047 – मूळ’. भाग देऊन बघितला का विचारलं. ‘दिला की सर, 19 पर्यंत. एकानंबी जाईना.’ तिथंच 23 ने भागायला लावलं: 23 गुणिले 89. एक पायरी आधी थांबला होता पोरगा. 2047 चं वर्गमूळ 45 च्या जरा पुढं आहे, म्हणजे 43 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या बघायलाच हव्या होत्या. मी भागाकाराला हात लावण्याआधी वहीच्या कोपऱ्यात वर्गमूळ लिहितो आणि त्याला गोल करतो.

घाई असेल तर गणितातच वाट आहे, पर्याय खोडायच्या ट्रिका नकोत. घातांक 2 सोडून कोणताही मूळ असला, की ‘2 चा घात वजा 1’ अशा संख्येच्या प्रत्येक भाजकाला घातांकाच्या दुपटीने भागल्यावर बाकी 1 उरते. घातांक 11, दुप्पट 22. तपासायची पहिलीच संख्या 23! ऑयलर या गणितज्ञाने 2147483647, म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1, मूळ असल्याचं 1772 मध्ये दाखवलं ते असेच भाजक गाळून. वर्गमूळ 46340 च्या पुढं जातं; सरसकट भाग देत बसला असता तर किती कागद लागले असते!

दुसरी खोड एक्सेलची. त्यात 2 चा 67 वा घात वजा 1 काढला की शेवटी सहा शून्यं दिसतात, आणि पोरं म्हणतात 10 ने भाग जातो. एक्सेल पंधराच अंक धरतं. शेवटचा अंक हातानं काढा: 2, 4, 8, 6 हे चक्र, 67 ला 4 ने भागून बाकी 3, म्हणून 8, वजा 1, म्हणजे 7. पूर्ण संख्या पायथन या संगणकीय भाषेत काढा. ती मूळ नाहीच. कोल या अमेरिकन गणितज्ञाने 1903 मध्ये तिचे अवयव मांडले: 193707721 आणि 761838257287.

1 मूळ नाही. शेवटी 1, 3, 7, 9 असणं पुरेसं नाही.

2 च्या 340 व्या घाताला 341 ने भागून बाकी 1 येते, तरी 341 म्हणजे 11 गुणिले 31. संख्येहून 1 ने कमी असलेला 2 चा घात त्या संख्येने भागून बाकी 1 येते का, ही फर्माची कसोटी; तेवढ्या एकीवर मूळ असल्याचा शिक्का मारू नका.

2024 मध्ये सापडलेली मूळ संख्या 4,10,24,320 अंकी आहे. तिला ‘सगळ्यात मोठी’ म्हणू नका, मूळ संख्या संपतच नाहीत. पण त्याची युक्लिडची सिद्धता सांगताना सुरुवातीच्या मूळ संख्यांच्या गुणाकारात 1 मिळवून आलेली संख्या मूळच, असंही लिहू नका. 13 पर्यंत गुणाकार करून 1 मिळवा: 30031 येते, आणि ती 59 गुणिले 509 आहे.