मृगातला तेजोमेघ साध्या कॅमेऱ्याने टिपायचा तर

मृग नक्षत्र लागलं की आपल्याकडे पेरणीची घाई सुरू होते. तेव्हा सूर्यच मृगात असतो, म्हणून जूनमध्ये ते तारे दिसत नाहीत. तेच मृग मार्गशीर्ष-पौषात रात्रभर डोक्यावर असतं. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे ओळखले की त्यांच्या दक्षिणेला एक धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. तोच एम ४२, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा, नवे तारे जन्माला घालणारा वायूचा ढग. पहिला तेजोमेघ टिपायचा तर हाच टिपा. तो इतका तेजस्वी आहे की कॅमेऱ्यात काहीही बदल न करता त्याचे रंग येतात.

मी जुन्नर तालुक्यातल्या आमच्या शेतातून फोटो काढते. सामान म्हणाल तर जुना डीएसएलआर, २०० मिमीची लेन्स, पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट कॅमेरा फिरवणारा छोटा ट्रॅकर, दणकट ट्रायपॉड आणि ठरावीक अंतराने शटर दाबणारा रिमोट. दुर्बीण लागत नाही. एम ४२ चा पसारा आकाशात साधारण एक अंशाचा, म्हणजे पौर्णिमेच्या दोन चंद्रांएवढा आहे. माझ्या कॅमेऱ्यात २०० मिमीला तो सुमारे ८०० पिक्सेल रुंद येतो, आणि ते भरपूर झालं.

रात्र अमावस्येच्या आसपासची घ्या. शेतातून काढणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा, त्या आठवड्यात शेतीपंपांची लाईट दिवसाची आहे की रात्रीची. रात्रपाळी असेल तर आजूबाजूला बॅटऱ्या फिरतात, मोटारीच्या खोलीवरचा दिवा चालू राहतो. आमच्याकडे बिबट्याची भीती खरी आहे. उसाच्या फडाजवळ बसू नका, एकट्याने तर नकोच. माझे धाकटे दीर सोबत असतात आणि रेडिओ मोठ्याने चालू असतो. तलावाचा काठ सुंदर दिसतो, पण लेन्सवर दव लवकर धरतं. दवासाठी लेन्सभोवती गुंडाळायचा गरम पट्टा मिळतो, तो पॉवर बँकेवर चालतो. थंडीत तो हवाच.

आता ध्रुव. ट्रॅकरचा फिरण्याचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो, म्हणून आधी ध्रुवतारा दिसायला हवा. बहुतेक व्हिडिओ युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी केलेले, त्यांच्याकडे ध्रुव उंच असतो. आपल्याकडे तो आपल्या अक्षांशाइतकाच वर. जुन्नरला जेमतेम १९ अंश, नागपूरला २१. एखादा डोंगर, आंब्याचं झाड, शेकोट्यांचा धूर, एवढ्यानेही तो झाकला जातो. म्हणून जागा निवडताना मृग कुठे येईल हे बघू नका, तो दक्षिणेला ६५ अंशांपर्यंत चढतो, कुठूनही दिसेल. आधी उत्तर मोकळी आहे का ते बघा. डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधायचा. ट्रॅकरच्या छोट्या दुर्बिणीत ध्रुव मधोमध आणायचा नाही. तो खऱ्या खगोलीय ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. त्या दुर्बिणीत दिसणाऱ्या वर्तुळावर त्याला नेमकं कुठे ठेवायचं हे मोबाईलमधलं ॲप सांगतं. अक्ष अर्धा अंश चुकला तर २०० मिमीला मिनिटात तारा जवळपास दोन पिक्सेल सरकतो आणि टिंबाची रेघ होते. या कामाला अर्धा तास लागला तरी लागू द्या. एवढ्या कमी अक्षांशावर ट्रॅकर जवळजवळ आडवा होतो आणि कॅमेऱ्याचा तोल साधणारी वजनाची दांडी ट्रायपॉडच्या पायाला अडू शकते, म्हणून कॅमेरा चढवल्यावर हाताने पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत फिरवून पाहा. मग ध्रुव पुन्हा तपासा, कारण वजन पडलं की जुळणी हलते.

फोकस राजन्य (रायजेल) किंवा व्याधावर करा. स्क्रीनवर दहापट मोठं करून तारा सर्वांत बारीक होईल तिथे थांबायचं. बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे नेमका फोकस दाखवणारी लेन्सपुढची खाचांची जाळी, असेल तर उत्तमच. पहाटेपर्यंत गारठा वाढतो तसा फोकस सरकतो, तेव्हा दर तासाला बघत चला.

लेन्स एफ/४, आयएसओ ८०० किंवा १६००, फाइल रॉ, लेन्सचं स्टॅबिलायझेशन आणि कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन दोन्ही बंद. एका मिनिटाचे फोटो काढत राहा, दोन तास तरी. फोटो चौपट झाले की गोंगाटाच्या, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाच्या, तुलनेत प्रकाश दुप्पट वर येतो, म्हणून चिकाटीचा खरा फायदा इथे मिळतो. दर दहा फोटोंनी फ्रेम किंचित सरकवा. एका मिनिटात तेजोमेघाचा गाभा मात्र पांढरा होऊन जातो, त्यातले चार तारेही बुडतात. म्हणून शेवटी पाच आणि पंधरा सेकंदांचे वीस-वीस फोटो वेगळे घ्या. आवरण्याआधी, कॅमेरा तेवढाच गार असताना, टोपी लावून एक मिनिटाचे डार्क, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करायला लागणारे काळे फोटो, घ्या. उजाडलं की लेन्सवर पांढरं सुती कापड ताणून, फोकसला हात न लावता फ्लॅट, म्हणजे कडांचा काळोख आणि धुळीचे डाग काढायला लागणारे एकसारख्या उजेडाचे फोटो, घ्या.

घरी संगणकावर सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये सगळं जुळवून एकत्र करा, ते फुकट आहे. त्यात उपग्रहांच्या रेषा आपोआप गळतात. मग आकाशातली गावाची पिवळी झाक काढा, रंग ताऱ्यांवरून जुळवून घ्या, आणि हळूहळू ताणत, म्हणजे उजळवत, अंधूक भाग वर आणा. छोट्या एक्स्पोजरचा गाभा जीआयएमपी या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मास्कने, म्हणजे फक्त तेवढाच भाग दिसू देऊन, बसवा.

हिरवा रंग काढायचं बटण दिसेल, ते एम ४२ वर सरसकट दाबू नका, ही माझी कळकळीची विनंती. गाभ्यातली हिरवट-निळी छटा खरी आहे. ती ज्या प्रकाशाची, त्या वर्णपटातल्या ५००.७ नॅनोमीटरच्या रेषेने एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना चकवलं, त्यांनी ‘नेब्युलियम’ नावाचं नवंच मूलद्रव्य मानलं. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी नायगमवालांनी याच तेजोमेघाचा वर्णपट तपासला होता. त्यांची २० इंची दुर्बीण पुढे १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकनालला गेली. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं. तुमच्या फोटोतला तो रंग ऑक्सिजनचा आहे, तो पुसू नका.

बाहेरच्या लाल कडा हायड्रोजनच्या, ६५६.३ नॅनोमीटरच्या. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर तो लाल प्रकाश बराच अडवतो, त्यामुळे त्या फिक्या आल्या तर ताणून ताणून रंग फाडू नका, दुसऱ्या रात्रीचे फोटो त्यात मिळवा. पुढच्या अमावस्येला बाणाच्या पूर्वेकडच्या टोकाच्या ताऱ्याकडे वळा, तिथे ज्वाला आणि अश्वमुख हे दोन तेजोमेघ शेजारी शेजारी आहेत. अश्वमुखाला मात्र पाच-सहा तासांचा प्रकाश द्यावा लागेल.